इटलीतल्या पॉम्पेईसाठी, म्हणजे ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन गावासाठी, एकच दिवस आहे. नुसत्या पडक्या भिंती बघायला तेवढं लांब जावं का?

जाच. फक्त त्या दिवसाचे शेवटचे दोन तास नेपल्ससाठी राखून ठेवा. कशासाठी, ते पुढे सांगतो.

मी आईला घेऊन गेलो होतो. नेपल्सहून लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत स्टेशन येतं आणि फाटक समोरच. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 माणसांनाच आत सोडतात, तिकिटावर नाव असतं, त्यामुळे आधीच काढून ठेवा. बूट चांगले घाला. रस्ते ओबडधोबड लाव्ह्याच्या दगडांचे आहेत, सावली जवळपास नाही. तिसऱ्या तासाला आईच्या गुडघ्यांनी हात टेकले.

आता ‘पडक्या भिंती’बद्दल. रोममध्ये आपण देवळं आणि सम्राटांच्या कमानी बघतो. इथे बघायचं ते साध्या माणसांचं रोजचं जगणं. तटाच्या आत 66 हेक्टर, म्हणजे 160 एकरांहून जास्त जागा, आणि तिचा साधारण तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे. मूळ वस्ती ओस्कन भाषा बोलणाऱ्यांची. इ.स.पू. 80 मध्ये रोमन सेनापती सुल्लाने इथे आपले निवृत्त सैनिक वसवले आणि गाव रोमन झालं. इ.स. 62 च्या सुमारास मोठा भूकंप झाला. त्याची डागडुजी सतरा वर्षांनंतरही चालूच होती (हे वाचून मला आपल्या नगरपालिकेची आठवण झाली), तेवढ्यात 79 मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि गाव राखेखाली गेलं. शाळेच्या पुस्तकांत तारीख 24 ऑगस्ट असते. पण 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावरची तारीख 17 ऑक्टोबरची! कोळशाचं लिखाण वर्षभर टिकणं अवघड, म्हणजे ते त्याच वर्षीचं, म्हणून आता बरेच जण उद्रेक ऑक्टोबरअखेरचा मानतात.

आत शिरलात की आधी मान खाली घाला. रस्त्यात मध्येच उंच दगड रोवलेत. सांडपाण्यात पाय न घालता पलीकडे जाता यावं म्हणून ते, आणि दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं जायची. चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल आहेत की त्यात पाऊल आडवं बसतं. चौकाचौकात पाण्याचे हौद आहेत. त्यांच्या कडेला जिथे माणसं हात टेकून वाकायची, तिथे दगड झिजून गुळगुळीत झालाय. जुन्या विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा आठवा, अगदी तसंच. आई तिथे हात टेकून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं भारावली. म्हणाली, “उंची बरोबर आहे रे, कंबर दुखत नाही.”

पुढे बेकऱ्या लागतात. अंगणात माणसाच्या छातीपर्यंत येणारी दगडी जाती, गाढवं फिरवायची ती. एका बेकरीच्या भट्टीत 81 पाव जसेच्या तसे सापडले, कोळसा झालेले, वर आठ फोडींच्या खुणा. भिंतींवर रंगवलेला निवडणूक प्रचार दिसला तर थांबा: अमक्याला निवडून द्या, चांगला माणूस आहे. या थाटात फारसा बदल झालेला नाही.

राखेतल्या पोकळीत प्लास्टर ओतून केलेल्या माणसांच्या आकृत्यांभोवती गर्दी असते. ही पद्धत 1863 मध्ये उत्खननाचा प्रमुख फिओरेल्ली याने बसवली. मी तिथे फार थांबलो नाही. कोणाच्या मरणाच्या क्षणी शेजारी उभं राहून सेल्फी काढणं मला जमत नाही.

आता ते दोन तास. पॉम्पेईतल्या उत्तम वस्तू पॉम्पेईत नाहीतच, त्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. (मंगळवारी बंद असतं, बघून जा.) तिथे भारतात घडवलेली एक हस्तिदंती मूर्ती आहे, वीतभरापेक्षा जराशी उंच. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण बहुतेक ती यक्षी असावी. दोन बाजूंना दोन दासी. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असणार. आणि हिच्यासारखीच एक मोडकी मूर्ती उत्खननात सापडली ती कुठे, तर जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणून काही अभ्यासक हिचं माहेर तिकडे शोधतात. तळाशी तिकडच्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर असल्यामुळे काही जण वायव्य भारताकडे बोट दाखवतात. मी जालन्याचा, माझं मत विचारू नका.

व्यापार मात्र खराच होता. तेर आणि पैठणचा माल भडोचला जायचा आणि तिथून समुद्रमार्गे रोमन साम्राज्यात. रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रारच होती की हिंदुस्थान दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतो. हाच प्लिनी आरमार घेऊन लोकांना सोडवायला व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी गेला आणि त्याच उद्रेकात मेला.

आई काचेला नाक लावून त्या मूर्तीचे तोडे, बांगड्या निरखत होती. मी भोकरदनचं सांगितलं तेव्हा वळून म्हणाली, “आणि आपण तिथे नुसती एसटी बदलायला उतरायचो.”