‘धरणे धरणे’ ही द्विरुक्ती आहे का?

रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीसाठी तहसीलदारांना निवेदन देणाऱ्या एका कार्यकर्त्याने विचारले आहे की, ‘धरणे धरणार आहोत’ असे लिहिले तर एकच शब्द दोनदा येतो, म्हणून ‘धरणे आंदोलन करणार आहोत’ असे लिहावे का. शिवाय बातम्यांत कधी ‘धरणाला बसले’ तर कधी ‘धरण्याला बसले’ असे छापून येते, त्यांतले बरोबर कोणते?

‘धरणे धरणे’ हा प्रयोग निर्दोष आहे. त्यातला पहिला शब्द नाम आहे आणि दुसरा क्रियापद. गाणे गावे, मागणे मागावे, तसेच धरणे धरावे. ‘धरणे देणे’ हा मात्र हिंदीतल्या ‘धरना देना’चा ठसा आहे आणि तो आता रूढ झाला असला तरी माझ्या कानाला खटकतो. दुसऱ्या शंकेचे उत्तर सामान्यरूपात आहे. हे नाम एकारान्त नपुंसकलिंगी असल्यामुळे त्याची रूपे धरण्याला, धरण्यावर, धरण्यात अशी होतात. धरणाला, धरणावर ही रूपे पाणी अडवणाऱ्या धरणाची. तेव्हा ‘शेतकरी धरणावर बसले’ याचा अर्थ ते भिंतीवर जाऊन बसले असाच होईल. (धरणग्रस्तांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदम खरे ठरू शकतात, ही गोष्ट वेगळी.)

आता अर्थाकडे वळू, कारण निवेदनात कोणता शब्द शोभेल हे त्यावर ठरते. जुन्या व्यवहारात पैसे बुडवणाऱ्याच्या दारात धनको अन्नपाणी सोडून बसे आणि देणे चुकते होईपर्यंत हलत नसे. दारात माणूस उपाशी असताना घरातल्यांनी जेवणे हे पाप मानले जाई. माणसाप्रमाणे देवापुढेही धरणे धरत. आळंदीला ज्ञानदेवांपुढे धरणे धरून बसलेल्या ब्राह्मणाला देहूला तुकोबांकडे जाण्याचा दृष्टान्त झाला अशी कथा आहे, आणि त्याच्यासाठी रचलेले अभंग ‘धरणेकऱ्याचे अभंग’ म्हणूनच ओळखले जातात. या प्रथेचा वचक किती होता ते 1860 च्या, 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेवरून कळते: दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणे हा तिच्या कलम 508 खालचा गुन्हा होता, आणि त्याच्या स्पष्टीकरणासाठी दिलेले उदाहरण दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच होते.

दैवी कोपाचा भाग पुढे गळून पडला, पण ‘तुमच्याकडे आमचे येणे आहे आणि ते घेतल्याशिवाय आम्ही उठणार नाही’ हा गाभा टिकून राहिला. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने एप्रिल 1996 मध्ये ब्यावरला धरलेले चाळीस दिवसांचे धरणे या अर्थाने अगदी अस्सल होते. सरकारी कामावर राबलेल्या मजुरांना पुरी मजुरी मिळत नव्हती आणि हजेरीपटांवर खोट्या नोंदी होत्या; म्हणून त्या हजेरीपटांच्या आणि बिलांच्या नकला मिळाव्यात, एवढीच मागणी होती. आसपासच्या गावांनी धरणेकऱ्यांसाठी धान्य पाठवले. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या वाटेवरचा हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

‘ठिय्या’ शब्दात अशा येण्याचा भाव नाही. एके ठिकाणी हटून बसणे एवढाच त्याचा अर्थ, त्यामुळे तो रस्त्यावर किंवा रुळांवरही देता येतो. ‘घेराव’ 1967 च्या सुमारास बंगालमधल्या कारखान्यांतून देशभर गेला आणि त्यात समोरच्याला कोंडणे येते, म्हणून निवेदनात तो शब्द जपून वापरावा. धरण्याला मात्र देणेकरी लागतो आणि त्याचे दारही लागते. मुंबईत मोर्चे आणि धरणी मंत्रालयापासून दूर, आझाद मैदानातच थोपवली जातात. तिथे बसणाऱ्यांना देणेकऱ्याचे दार दिसतही नाही, आणि शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर अशा बसण्याला धरणे म्हणताना मला थोडे अडखळायलाच होते.

‘धरणे आंदोलन’ चुकीचे नाही, पण त्यातला ‘आंदोलन’ हा शब्द अर्थात काही भर घालत नाही. तुमची मजुरी थकली आहे, देणेकरी ठरलेला आहे आणि त्याचे कार्यालय तालुक्यालाच आहे, म्हणून ‘थकलेली मजुरी मिळेपर्यंत आम्ही तहसील कार्यालयाच्या दारात धरणे धरणार आहोत’ असे खुशाल लिहा.