गॉडझिलाची जुनी फिगर विकत घेताना तिचा दर्जा आणि किंमत कशी ठरवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परभणीतील एका ओळखीच्या गृहस्थांकडे गॉडझिला या जपानी चित्रपटांतील महाकाय प्राण्याची वीतभर उंचीची, रबरासारखी लागणारी फिगर आहे. तिच्या पायाखाली बंदाई या जपानी खेळणी कंपनीचे नाव आणि 1992 हे साल उमटलेले आहे. बॉक्स नाही, अंग किंचित चिकट लागते आणि ते नऊ हजार रुपये मागत आहेत. वस्तू चांगली आहे का, आणि एवढे पैसे द्यावेत का, असे आपण विचारले आहे.

हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. मॅटेल कंपनीने 1977 च्या सुमारास काढलेला दीड फुटाहून उंच प्लॅस्टिकचा गॉडझिला पाहिला, तर तो पडद्यावरच्या गॉडझिलासारखा दिसतो असे कोणीही म्हणणार नाही. त्याच्या पायांखाली चाके आहेत, एका हाताचा पंजा स्प्रिंगने उडतो आणि डोक्यामागचा खटका दाबला की तोंडातून ज्वाळेची जीभ बाहेर येते. कारागिरी म्हणून तो सामान्यच. पण उडणारा पंजा न हरवलेला नमुना मिळाला, तर संग्राहक त्यासाठी आनंदाने पैसे मोजतात. उलट आज नव्याने निघणाऱ्या कित्येक फिगर कोरीवकामात कितीतरी सरस असूनही दुसऱ्या हाताने विकताना मूळ किमतीच्या खाली जातात. म्हणून आधी वस्तू नेमकी कोणती आहे हे ठरवावे, मग तिची अवस्था पाहावी आणि किंमत सर्वांत शेवटी काढावी.

ओळख पटवण्यासाठी फिगर हातात आली की चेहऱ्याकडे न पाहता ती आधी उलटी करावी. पैठणी घेताना जाणती बाई जशी पदर उलटून मागची बाजू पाहते, तसेच हे आहे. तळपायावर तोहो या चित्रपट कंपनीचा हक्क (कॉपीराइट), निर्मात्याचे नाव, साल आणि बहुधा देशाचे नाव असते. यातले साल हक्काचे किंवा साच्याचे असते, विक्रीचे असेलच असे नाही. एकाच साच्यातून पुढे कित्येक वर्षे माल निघू शकतो, त्यामुळे 1992 वाचून ही फिगर त्याच वर्षीची आहे असे धरून चालू नये. देशाचे नाव जपान असेल तर संग्राहकांना ते अधिक आवडते. चीन असेल तर फिगर बनावट ठरत नाही, कारण बंदाईचे बरेचसे उत्पादन पुढे तिकडेच गेले.

यानंतर पायाची बोटे मोजावीत. 1954 च्या पहिल्या चित्रपटातील गॉडझिलाला चार बोटे आणि लहान कान होते. पडद्यावरचा गॉडझिला म्हणजे पोशाख घातलेला नट; 1962 च्या पोशाखात कान गेले आणि बोटे तीन झाली. 1984 मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा चार बोटे आणि कान परत आले. आपल्याकडच्या फिगरला चार बोटे असतील, तर ती बहुधा नव्वदच्या दशकातील अवताराची असावी; तीन असतील तर ती बहुधा साठ-सत्तरच्या दशकांतील अवताराची असावी. तीन बोटे दिसली म्हणून 1992 चा शिक्का खोटा मानू नये. बंदाईने जुन्या अवतारांच्याही फिगर काढल्या आहेत. विक्रेत्याला मात्र ती कोणत्या चित्रपटातील गॉडझिलाची आहे हे अवश्य विचारावे. उत्तर आले नाही तरी बिघडत नाही, पण चुकीचे उत्तर ठामपणे आले तर बाकीच्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा ते कळते.

नक्कल ओळखण्याची खूणही तळपायावरच सापडते. बनावट फिगर पुष्कळदा मूळ फिगरवरूनच साचा काढून ओतलेली असते. ओतलेला माल थंड होताना थोडा आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते आणि बारकावे बोथट होतात. शिक्क्यातील अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल दिसतात, तर पाठीवरच्या काट्यांची टोके धारदार राहत नाहीत. विक्रेत्याकडून तळपायाचा आणि पाठीच्या काट्यांचा असे दोन फोटो दिवसाच्या उजेडात, जवळून काढून मागवावेत, आणि उंची व शेपटाच्या टोकापर्यंतची लांबी टेपने मोजून सांगायला सांगावे.

आता साहित्याविषयी. रबर वाटते ते रबर नसून मऊ व्हिनाइल आहे. जपानमध्ये मारुसान कंपनीने 1966 मध्ये गॉडझिलाची पहिली अशी फिगर काढली आणि पुढे बुलमार्क, बंदाई यांनी ती परंपरा चालवली. द्रवरूप व्हिनाइल धातूच्या साच्यात भरून साचा तापवतात, कडेला थर धरला की उरलेला द्रव ओतून देतात आणि आत तयार झालेला पोकळ भाग गरम असतानाच चिमट्याने ओढून काढतात. म्हणून अशा फिगरचे हात, पाय आणि शेपूट वेगवेगळे ओतून खाचेत बसवलेले असतात. प्रत्येक सांधा हलकेच फिरवून पाहावा. कुठे गोंदाचा पिवळट ओघळ दिसला, तर तो भाग फाटून चिकटवलेला आहे असे समजावे. फाटलेली मान किंवा दुसऱ्याच फिगरचे शेपूट हे दोष मोठे आहेत. पाय थोडे वाकून फिगर पुढे झुकली असेल, तर तो दोष किरकोळ आहे, कारण गरम पाण्यात धरून किंवा हेअर ड्रायरची ऊब देऊन पाय सरळ करता येतात आणि थंड होईपर्यंत तसेच धरले की ते बहुधा टिकतात.

चिकटपणाचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येते, आणि उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 43-44 अंशांवर असताना पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर बंद पिशवीत राहिलेली फिगर चिकट झाली नाही तरच नवल. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी धुतल्यावर किंचित चिकटपणा बहुतेक निघून जातो, पण काही काळाने तो पुन्हा येऊ शकतो. थिनर किंवा स्पिरिट मुळीच लावू नये, कारण त्याने रंग निघतो. रंगही चिकट होऊन त्यावर धूळ कायमची रुतली असेल, तर मात्र ती अवस्था सुधारत नाही आणि किंमत त्या हिशेबाने कमी धरावी.

येथे एक सूचना करतो. आपल्याकडे कोणतीही वस्तू बांधताना हात आपोआप जुन्या वर्तमानपत्राकडे आणि थर्माकोलकडे जातो. मऊ व्हिनाइलसाठी दोन्ही वाईट आहेत. छपाईची शाई अंगावर उमटते आणि पुसता पुसली जात नाही; थर्माकोलला ते तेलकट द्रव्य लागले की थर्माकोल वितळून फिगरला चिकटतो. तळपायावर किंवा पोटावर उलटी अक्षरे किंवा खडबडीत पांढरे डाग दिसले, तर कारण हेच असते.

रंगाविषयी एवढेच पाहावे की काट्यांवरचा फवारा धुक्यासारखा विरत गेलेला आहे का आणि दोन्ही डोळ्यांतील बुबुळे सारख्या जागी आहेत का. ब्रशचे ओरखडे, कातडीच्या खाचांत साचलेला जाड रंग किंवा शिक्क्यावर चढलेला रंग दिसला, तर फिगर पुन्हा रंगवलेली आहे. पुन्हा रंगवलेली फिगर कितीही देखणी असली तरी संग्राहक तिला मूळ फिगरइतके मोल देत नाहीत.

बॉक्स नसल्याची चिंता आपण करू नये. त्या काळातील बंदाईच्या व्हिनाइल फिगर जपानमध्ये सहसा बॉक्सशिवाय, कागदी टॅग लावूनच विकल्या जात. म्हणून टॅग आहे का, हे विचारावे. टॅग शाबूत असेल तर किंमत चांगलीच वाढते. ‘बॉक्स हरवला, नाहीतर वीस हजारांची वस्तू आहे’ असे कोणी म्हणाले, तर ते बोलणे सोडून द्यावे. बंदाईच्याच 2010 पासून निघालेल्या एस. एच. मॉन्स्टरआर्ट्स या सांधेदार मालिकेत मात्र बॉक्स, आतले ट्रे आणि जादा पंजे यांना खरोखर महत्त्व आहे, आणि बनावट मालही त्याच मालिकेत जास्त आढळतो.

किंमत काढताना लोकांनी मागितलेले भाव पाहू नयेत. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे पाहण्याची सोय आहे. तीच फिगर, तीच अवस्था आणि टॅग असलेली-नसलेली अशी फोड करून पाच-सहा विक्रींचा मधला भाव धरावा. मांदाराकेसारख्या जपानी जुन्या-वस्तूंच्या दुकानांचे भावही पाहावेत, कारण तिकडे ते बहुधा कमी असतात. मग त्यात टपालखर्च आणि आयातशुल्क मिळवावे. भारताने खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के केले, त्यामुळे परदेशातून मागवलेली फिगर घरी पोहोचेपर्यंत बरीच महाग पडते. विक्रेते नेमका हाच हिशेब पुढे करतील. त्यात तथ्य आहे, पण तो वरच्या मर्यादेचा हिशेब आहे. उद्या आपल्यालाच ती विकायची झाली, तर परभणीत किंवा संभाजीनगरातसुद्धा गिऱ्हाईक सहजी मिळणार नाही. ती मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला कुरिअरने पाठवावी लागेल आणि तो घासाघीस करणारच.

नव्वदच्या दशकातील बंदाईच्या साध्या व्हिनाइल फिगर मोठ्या संख्येने निघाल्या आहेत. दुर्मीळ आहेत त्या मारुसान आणि बुलमार्कच्या. त्यामुळे टॅग नसलेल्या, चिकट झालेल्या फिगरला नऊ हजार मला जास्त वाटतात. शिक्का ठसठशीत, सांधे शाबूत आणि रंग मूळचा असेल, तर मी निम्म्यापासून बोलणी सुरू करीन आणि फार तर पाच-साडेपाच हजारांवर थांबेन. टॅग निघाला तर आणखी हजारभर वाढवायला हरकत नाही. तळपायाचा स्पष्ट फोटो द्यायला ते टाळाटाळ करू लागले, तर भावाचे बोलणेच काढू नये.