गॅस गिझर दोन मिनिटांत बंद का पडतो?

पेटतो, दोन मिनिटं गरम पाणी येतं आणि ऐन साबण लावल्यावर बंद, असंच ना? नागपुरात डिसेंबर लागला की घरोघरी हेच रडगाणं.

आधी सेल बदला. खाली डबीत दीड व्होल्टचे दोन जाड सेल असतात. ठिणगी पडते म्हणजे सेल चांगले, असं नसतं. गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरायलाही तेच लागतात. माझ्याकडे मेकॅनिकने नवीन किट टाकायला सांगितलं होतं, काम झालं सेलवर.

मग पाण्याचा जोर बघा. वरच्या मजल्यावर टाकी डोक्याच्या जेमतेम वर असेल तर पाण्याच्या जोराने गॅस उघडणारा आतला रबरी पडदा पुरता ढकलला जात नाही आणि ज्योत विझते. पाणी येतं त्या नळीतली जाळी काढून धुवा. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर हमखास सापडेल.

तरीही बंद पडत असेल तर बर्नरजवळची ज्योत ओळखणारी काडी काजळली असेल. गॅस बंद करून, थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. बरोबर वीस मिनिटांनी बंद होत असेल तर मात्र बिघाड नाही, बऱ्याच गिझरमध्ये तसा टायमरच असतो.

आणि गिझर बाथरूमच्या आत आहे का? थंडी वाजते म्हणून खिडकी लावून आंघोळ करू नका. ज्योत पिवळी दिसली किंवा डोकं जड झालं तर गॅस बंद करून आधी बाहेर या. गॅस अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि त्याला वास नसतो. गिझर बाहेर बाल्कनीत हलवून घ्या, भाऊ.