पाणी तेवढंच, मग भीती का उतरली?

प्रश्न : ऑगस्ट 2024च्या पुरात कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत तीन दिवस पाणी होतं. पहिल्या दिवशी कोणी जिना उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी तेवढंच असताना बाबा दूध आणायला त्यात उतरले. यंदा त्यांना कसं थांबवू? – एक वाचक, बडोदे

उत्तर : माणूस धोका मोजतो तो गेल्या काही तासांत आपलं काय झालं यावरून. कोणी पाण्यातून सुखरूप परत आलं की ‘थोडक्यात वाचलो’ऐवजी ‘काही होत नाही’ अशीच नोंद मनात राहते, आणि दर फेरीला ती पक्की होते. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या बूस्टर रॉकेटमधल्या रबरी रिंगा आधीच्या उड्डाणांतही जळाल्या होत्या. यान परत येत राहिलं म्हणून चालवून घेतलं. 28 जानेवारी 1986ला ते 73 सेकंदांत फुटलं.

शिवाय सगळ्या भीती सारख्या उतरत नाहीत. विश्वामित्री नदीतल्या मगरीची धास्ती शेवटपर्यंत टिकते. पाण्यातला करंट, उघडं गटार, लेप्टो (पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) यांचा विसर आधी पडतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून नुसतं ‘जपून जा’ सांगून भागणार नाही. आत्ताच, कोरड्यात, जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेघा मारा. पहिली रस्त्यापासून 6 इंचांवर: जोरात वाहणारं एवढं पाणीही धडधाकट माणसाला पाडतं. पाणी तिच्यावर असेतो कोणी उतरायचं नाही. दुसरी, सर्वांत खालच्या सॉकेटच्या वीतभर खाली. पाणी तिथे टेकायच्या आत मेन स्विच बंद करायचा आणि इन्व्हर्टरही. हा इन्व्हर्टर हमखास राहून जातो. मेन बंद असला तरी तो वायरिंगला करंट देतच राहतो. पाणी ओसरल्यावर बोर्ड वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. वायरमनने उघडून तपासल्याशिवाय बटण दाबू नका.

बाबा दुधासाठी उतरले, तेव्हा ते कारणच काढून घ्या. दूध पावडर, नेहमीची औषधं आणि माणशी रोज 3 लिटर पिण्याचं पाणी, असं चार दिवसांचं वर ठेवा. उतरायचं की नाही हे पाण्यात अडकलेल्यांनी ठरवूच नये. कोरड्या भागातल्या एखाद्या नातेवाइकाला फोनवर विचारायचं आणि त्याचं ऐकायचं, हे आधीच कबूल करून घ्या. त्याची भीती अजून ताजी असते.

तरीही कोणी पाण्यातून चाललंच, तर पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पुराच्या पाण्यात उतरल्याचं सगळ्यांत आधी सांगा.