मेंढीची धार काढली तर कोकरं मागे पडतात का? यावर कुठे संशोधन झालंय का?

झालंय, आणि नेमकं याच प्रश्नावर झालंय. मी डेअरी टेक्नॉलॉजी शिकत असताना ते वाचलं, तेव्हापासून या विषयाचा नाद लागला.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचं स्पूनरला संशोधन केंद्र आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे डेव्हिड थॉमस आणि इव्ह बर्जे यांनी दुधाच्या मेंढ्यांचा कळप सांभाळला. ईस्ट फ्रिजियन या दुधाळ जातीशी संकर केले, पुढे फ्रान्सची लाकोन जातही आणली.

त्यांनी तीन पद्धती ताडून पाहिल्या. कोकरू पहिल्याच दिवशी तोडून पावडरच्या दुधावर वाढवायचं. महिनाभर आईला पाजू द्यायचं आणि मगच धार सुरू करायची. किंवा महिनाभर दिवसा कोकरू आईजवळ ठेवायचं, रात्री वेगळं करायचं आणि फक्त सकाळी धार काढायची. तिसऱ्या पद्धतीत कोकरं छान वाढली, पावडरचा खर्च वाचला आणि विकायला दूधही बऱ्यापैकी मिळालं. दुसऱ्या पद्धतीत सगळ्यात कमी, कारण मेंढीच्या दुधाचा भर पहिल्या महिन्यातच असतो.

पण तिसरीत एक अडचण आली. सकाळच्या दुधाला फॅटच लागेना! कोकराला पाजणारी मेंढी मशीनवर पान्हा चोरते. कासेच्या खालच्या पोकळीत साठलेलं दूध निघतं, पण वरच्या बारीक पिशव्यांतलं ती धरून ठेवते आणि फॅट बहुतांश तिथेच असतं. प्रथिनं मात्र ठीक राहतात. कोकरू तोडलं की फॅट पुन्हा वर येतं. चीजवाल्याला हे माहीत हवंच, कारण मेंढीच्या दुधाला भाव मिळतो तोच सहा-सात टक्के फॅट आणि भरपूर प्रथिनांमुळे.

२०१६ मध्ये तो कळप विकून टाकला गेला. उत्तर अमेरिकेत विद्यापीठाकडे असलेला तसा तो एकमेव कळप होता, त्यामुळे मला फार वाईट वाटलं.

आता आपल्याकडचं. दख्खनी मेंढी मांसाची आणि लोकरीची. तिचं दूध कोकरालाच जेमतेम पुरतं, मेंढपाळांच्या वाड्यावर निघालं तर चहापुरतं. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला, पण जुळी झाली की आईच्या दुधावरचा भार वाढतोच. म्हणून स्पूनरची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. करून बघायचंच असेल तर एकच कोकरू असलेल्या चार-दोन मेंढ्या निवडा, रात्रीच फक्त वेगळं करा आणि दर आठवड्याला कोकराचं वजन घ्या. वजन अडलं की धार थांबवा.