फॉर्मवरची कोरी तारीख

कोल्हापूरजवळच्या कळ्याहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून छापत नाही. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत, पहिली पाळी सातची. गगनबावडा रस्त्यानं थंडीत पहाटे मोटरसायकलवर निघायचं म्हणजे बोटं आखडतात, धुक्यात समोरचं दिसत नाही आणि त्यात ऊसतोडीचा हंगाम, ट्रॉल्यांना मागं दिवा नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर एका एजंटाकडून २०१२ ची पेट्रोल गाडी घेतली. किंमत ठरली १,३५,०००. १,१५,००० रोख दिले, उरलेले २०,००० ‘गाडी नावावर झाल्यावर’ देतो म्हणून ठेवून घेतले. गाडी नीट करायला ४१,००० घातले: क्लच प्लेट, बॅटरी, पुढचे दोन टायर, रेडिएटर, वायपर आणि बंपरवर एक पांढरा एलईडी बार.

गाडी मात्र नावावर झालीच नाही. आर.सी., म्हणजे नोंदणीचा कागद, सांगलीच्या पहिल्या मालकाच्या नावावर, वर बँकेचा बोजा तसाच. त्यांच्या सह्या घेतलेले नाव बदलायचे टी.टी. फॉर्म डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून, तारखेची जागा कोरी. विमा पहिल्या मालकाच्या नावावरचा, मार्चपर्यंतचा.

डिसेंबरात एका पहाटे दाट धुक्यात पुढं अचानक बिनदिव्याची ट्रॉली दिसली. यांनी गाडी डावीकडं घेतली आणि कडेनं किटल्या बांधून चाललेले एक दूधवाले मामा मोटरसायकलसह आडवे झाले. दूध सगळं रस्त्यावर, मामांच्या पायाचं हाड मोडलं. यांनी स्वतः उचलून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नेलं. मामा शेजारच्याच गावचे. म्हणाले, “पोलिसात नगं बाबा, दवाखान्याचं तेवढं बघ.” आठ दिवस झाले, खर्च वाढत चाललाय. एजंटाला विचारलं तर तो म्हणतो, फॉर्मवर अपघातानंतरची तारीख टाकू, म्हणजे अपघाताच्या वेळी गाडी जुन्या मालकाचीच होती असं दिसेल आणि विम्याचं सगळं बसेल. पत्राच्या शेवटी यांनी विचारलंय: “वकीलसाहेब, विमा माझ्या नावावर नाही म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर येणार का? आणि तारीख कुठली टाकू?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खरी. ज्या दिवशी पैसे दिले आणि चावी घेतली ती तारीख. यात मी नीतीचा धडा देत नाही. खोटी तारीख टाकून तुमचा फायदा नेमका कशात आहे, हे मी बसून मांडून बघितलं आणि जवळजवळ काहीच निघालं नाही.

बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ सांगतं की गाडी विकली की तिचा विमा विक्रीच्या दिवसापासून नव्या मालकाच्या नावे गेला असं मानायचं. नवा मालक आर.टी.ओ.कडं गेला नसेल, विमा कंपनीला कळवायला विसरला असेल, तरी तिसऱ्या माणसाच्या नुकसानीपुरतं हे संरक्षण टिकतं. आपल्या भाषेत, विमा गाडीच्या मागं जातो. दूधवाले मामा हे या हिशेबात तिसरे. तेव्हा त्यांच्या पायाची भरपाई जुन्या मालकाच्या पॉलिसीतून मिळू शकते, खरी तारीख लिहिलीत तरीही. तुमच्याकडं चारचाकीचं चालू लायसन्स आहे असं लिहिलंय, म्हणजे विमा कंपनीच्या हातातलं एक मोठं हत्यार आधीच गेलं.

न मिळणारी गोष्ट आहे ती तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच स्पष्ट केलंय की कलम १५७ चं हे आपोआप हस्तांतर तिसऱ्या पक्षापुरतंच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी विमा कंपनीशी तुमचा वेगळा करार लागतो. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडं अर्ज करायचा असतो. तो तुम्ही केला नाहीत. बंपर आणि डावा दरवाजा यांचा अंदाज तुम्ही १४,००० लिहिलाय. ते गेले, सोडून द्या. एजंट जी खोटी तारीख सुचवतोय ती एवढ्या १४,००० साठी. त्याच्या बदल्यात विमा कंपनीची फसवणूक, खोटा दस्त आणि सांगलीच्या माणसाच्या गळ्यात न केलेला अपघात. कोल्हापुरात या भावाला कोण सौदा करतो?

त्या सांगलीकरांचं काय, तेही सांगतो, कारण तुम्ही पत्रात त्यांच्यावर चिडलेले दिसता. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर आर.सी. आहे तो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक चार जणांना विकली गेली होती, पण नाव पहिल्याचंच राहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावरच ठेवली. अपघात झालेल्या माणसानं विक्रीच्या साखळीचा माग काढत फिरावं अशी अपेक्षा धरता येत नाही, हा त्यामागचा विचार. म्हणजे मामांनी दावा केला तर नोटीस सांगलीलाही जाईल. विक्रीनंतर चौदा दिवसांत फॉर्म २९ नं आर.टी.ओ.ला कळवणं त्यांचं काम होतं आणि तीस दिवसांत नाव बदलायला फॉर्म ३० घालणं तुमचं. दोघांनीही केलं नाही. बोजा उतरल्याशिवाय नाव बदलत नाही, म्हणून एजंटानंही टोलवाटोलवी केली. आज संध्याकाळी सांगलीकरांना फोन करा, भांडायला नव्हे. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरल्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ त्यांनाच आणावा लागणार आहे, आणि आता ते त्यांच्याही हिताचं आहे.

पत्र वाचताना मला जिथं खरी धडकी भरली ती गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो पॉलिसीवर नाव असलेल्या नोंदणीकृत मालकाचा. दिवाळीपासून रोज पहाटे तुम्ही ज्या गाडीतून जाताय, तिच्यात तुमचं बरंवाईट झालं असतं तर घरच्यांना त्यातला रुपया मिळाला नसता. ४१,००० ची दुरुस्ती करताना एक दिवस आर.टी.ओ.त घालवला असता तर हे टळलं असतं. असो.

आता मामा. तुम्ही पळून गेला नाहीत, स्वतः दवाखान्यात नेलंत, हे तुमच्या बाजूनं फार मोठं आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चोवीस तासांत पोलीस ठाण्यात कळवायचं होतं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं होतं. ‘आपसात मिटवू’ हे गावात माणुसकीचं बोलणं असतं, मला ते कळतं. पण पाय मोडलेल्या माणसाचं मिटत नाही. रॉड पडतो, मग फिजिओ, मग चार महिने म्हशीची धार दुसऱ्याकडून काढून घ्यायची. तुम्ही आज ६०,००० द्याल, होळीला आणखी ३०,००० लागतील, आणि तेव्हा मामांचा पुतण्या कुणातरी वकिलाकडं जाईल. तुम्ही दिलेल्या पैशाची पावती नसेल. माझ्याकडं अशी प्रकरणं येतात ती याच टप्प्यावर.

शिवाय पोलिसात न गेल्यानं मामांचंच नुकसान होतंय, हे त्यांना समजावून सांगा. २०२५ पासून अपघातग्रस्तांना ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोकडीशिवाय देणारी केंद्राची योजना आहे. ती संधी नोंद वेळेत न झाल्यानं बहुतेक गेली. पण त्याच कायद्याचं कलम १६४ शिल्लक आहे. त्यात चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच. दावा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, मोटार अपघात न्यायाधिकरणापुढं चालतो. गुन्ह्याची नोंद नसेल तर विमा कंपनीचा वकील उभा राहून पहिलं वाक्य हेच म्हणेल की असा अपघात झालाच नाही.

म्हणून उद्या सकाळी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जा. सीपीआरमध्ये अपघाताची नोंद बहुधा झालेलीच असेल, तिथला कागद बरोबर घ्या. जबाबात धुकं, बिनदिव्याची ट्रॉली, तुम्ही डावीकडं का घेतलंत, सगळं जसं घडलं तसं सांगा. तुमच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा नोंदला जाईल, हे लपवत नाही. जामीनपात्र आहे. एखादा स्थानिक वकील सोबत न्या. गाडी जमा झाली तर सोडवताना कोर्ट आर.सी.वरच्या मालकाला विचारेल. सांगलीकरांशी गोडीनं बोला म्हणालो ते यासाठीही. त्याच दिवशी विमा कंपनीला पॉलिसी नंबर घालून लेखी कळवा आणि पोच घ्या. उशीर का झाला तेही त्यात लिहा.

आणि तोपर्यंत बंपरला हात लावू नका. पोलिसांचा पंचनामा व्हायचा आहे. तो एलईडी बारही पंचनाम्याआधी उतरवू नका, नाहीतर पुरावा लपवला असा अर्थ निघेल. पंचनामा झाला की मात्र काढून टाका. धुक्यात पांढरा झगझगीत दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो. खाली बसवलेला फॉग लॅम्प आणि लो बीम चालतो. असे जास्तीचे दिवे मामांच्या भरपाईच्या आड येत नाहीत, पण चालकाची चूक किती हे ठरताना समोरचा वकील तो फोटो दाखवणारच. पुढच्या थंडीच्या आत सीएनजी किट बसवायचा विचार आहे असं लिहिलंय. ते आर.टी.ओ.च्या नोंदीशिवाय करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नसलेला बदल केला तर शिक्षा मालकाला असते, गॅरेजवाल्याला शोधत कुणी येत नाही. आणि गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं होऊन नोंदणी नव्यानं करावी लागेल, वर पर्यावरण कर. किटवर पैसे घालायच्या आधी हाही हिशेब करा.

राहिला एजंट. गाडी ५८,००० किलोमीटर चालली म्हणून विकली, आणि उद्यमनगरच्या मॅकॅनिकला बोनेटच्या आतल्या बाजूला ऑइल बदलल्याची जुनी चिकटपट्टी सापडली: २०२१, १,१२,००० किलोमीटर. तुमचं सगळं पत्र वाचून मला सर्वांत आवडलेली ओळ हीच. एजंट म्हणतोय, ५०० च्या स्टँपवर ‘जशी आहे तशी’ लिहिलंय, आता काही बोलायचं नाही. जुन्या मालात घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत हा नियम खराच आहे. क्लच प्लेट, टायर, बॅटरी यांचे पैसे मागू नका; या किमतीच्या गाडीत त्या नव्या असतील असं कुणीच धरत नाही. पण मीटरचा आकडा मागं फिरवणं ही करार कायद्याच्या कलम १७ मधली फसवणूक आहे आणि ‘जशी आहे तशी’ या शब्दांखाली ती झाकत नाही. ‘तुम्ही मॅकॅनिक आणून बघायला हवं होतं’ हा बचाव नुसतं गप्प राहणाऱ्याला मिळतो, मुद्दाम लपवणाऱ्याला नाही.

अडचण एकच: आकडा एजंटानंच फिरवला की त्याच्याकडं आली तेव्हाच तशी होती? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवर जुना इतिहास मागवा. सांगलीकरांना विचारा, गाडी देताना मीटर किती होतं. ते १,२०,००० वगैरे म्हणाले आणि लिहून दिलं, तर एजंटाला बोलायला जागा नाही. त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली ५८,००० किलोमीटरची जाहिरात मोबाईलमधून पुसू नका. ती दाखल करताना मोबाईलमधल्या पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. तो नोंदणीकृत जुन्या गाड्यांचा डीलर आहे का तेही तपासा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला आर.टी.ओ.ची परवानगी लागते आणि गाडी ताब्यात घेतली की ऑनलाइन कळवावं लागतं. परवानगी नसेल तर तक्रारीत तेही घाला.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून “थेट हायकोर्टात जाऊ का” असं तुम्ही विचारलंय. नाही हो, त्याची गरज नाही. गाडी थेट सांगलीकरांकडून घेतली असती तर आयोगाची वाट बंद होती. मधे धंदा करणारा माणूस आहे म्हणून ती उघडी आहे. त्याआधी एक रजिस्टर्ड नोटीस पाठवा: मीटरचा फरक, रेडिएटर आणि इंजिन तापण्यावर झालेला खर्च, नाव बदलायला झालेली टाळाटाळ. तुम्ही मागं ठेवलेले २०,००० ही या सगळ्या व्यवहारातली तुमची एकमेव शहाणी चाल. ते देऊ नका, नोटिशीत त्यांचा उल्लेख करा, तडजोड त्याच आकड्यापासून सुरू होईल.

आणि मॅकॅनिकला आजच फोन करून सांगा, बोनेट उघडून आत पाण्याचा फवारा मारू नको म्हणावं. ती चिकटपट्टी जागेवर असतानाच आजच्या मीटरसकट चार फोटो काढून घ्या.