विद्यार्थ्यांच्या 'मित्र गटा'मुळे आत्महत्या थांबतात का?

प्रश्न: मी तासगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका मुलानं आत्महत्या केली. आता सर विद्यार्थ्यांचा 'मित्र गट' काढतायत आणि त्यात माझं नाव घातलंय. मुलांनी मुलांशी बोलून खरंच काही थांबतं का? माझंच काही चुकलं तर?

उत्तर: भीती वाटतेय ते बरंच आहे. जिला वाटत नाही तिला या गटात घेऊ नये, असं माझं मत.

तुझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा आहे, म्हणून अगं-तुगं करतो. मी डॉक्टर नाही. सांगलीत विश्रामबागला खोली करून तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला, तेव्हाचं सांगतो.

खोलीत आम्ही तिघं. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि त्यातला एकजण गप्प झाला. मेसचा डबा न उघडता परत जायचा. अभ्यासिकेत बसायचा, पण पान काही उलटायचा नाही. मग एक दिवस त्यानं स्वतःच्या नोट्स वाटल्या, हातातलं घड्याळ तिसऱ्याला देऊन टाकलं. आम्हाला वाटलं, गडी कंटाळून गावाकडं चाललाय. रात्री गच्चीवर मला म्हणाला, "आता बास झालं बघ. कुणाला बोलायचं नाही, आईची शपथ हाय."

ती शपथ मी दोन दिवस पाळली. माझी चूक विचारशील तर ही.

तिसऱ्या दिवशी त्याला सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतंय का?" असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, अशी आपल्याकडं समजूत आहे. तसं होत नाही, हे अभ्यासांतूनही दिसलंय. तो रडायला लागला. त्याला एकटं न सोडता मी त्याच्या मामांना पलूसला फोन लावला. वडिलांना नाही, कारण ते आधी निकालावरून बोलले असते. मामा तासाभरात गाडीवर आले, त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी मानसोपचारतज्ज्ञाकडं गेलो.

आता तुझा प्रश्न. युरोपात 10 देशांतल्या 11 हजारांवर विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास झाला, 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जिथं मुलांनीच आपसात चर्चा केल्या, प्रसंग नाटकासारखे करून पाहिले, तिथं वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या शाळांपेक्षा निम्म्याच्या आसपास होते. फक्त शिक्षकांना प्रशिक्षण दिलं तिथं तसा ठळक फरक पडला नाही. अमेरिकेतल्या 18 शाळांमध्ये विद्यार्थ्यांतूनच म्होरके तयार केले होते. मोठ्या शाळांत हे म्होरके अडचणीतल्या मित्राला मोठ्या माणसापर्यंत नेण्याचं प्रमाण चौपट झालं. मृत्यू कमी झाले का, ते त्यात मोजलंच नव्हतं. पण काम काय ते नीट बघ: मोठ्या माणसापर्यंत नेणं. तू उपचार करायचे नाहीत.

आमच्या कॉलेजातही असा गट होता. उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि मग एकोणीस वर्षांच्या एका मुलीचा नंबर नोटीस बोर्डावर लागला. रात्री दोन-दोन वाजता फोन. तिच्या मागं कुणीच मोठं उभं नव्हतं. सहामाहीच्या आत तीच आजारी पडली. म्हणून सरांना आधी विचार, "आम्ही कुणाला आणून द्यायचं?" नाव आणि नंबर कागदावर मिळाल्याशिवाय हो म्हणू नकोस. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर संस्थेनं समुपदेशक नेमला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्येच सांगितलंय. त्या माणसाच्या जागी फुकटात तुम्हाला बसवत असतील तर तसं तोंडावर सांग.

रात्रीचे फोन घेऊ नका. त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मैत्रिणीच्या काळजीपोटी तू स्वतः लावलास तरी चालतं. तुलाच कधी जड झालं तरी लाव. जीव आत्ता धोक्यात वाटला तर मात्र 112, आणि कुणीतरी सोबत बसायचंच.

पोलीस केस होईल म्हणून मुलं प्रयत्नाची गोष्टही दडवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, खटला किंवा शिक्षा होत नाही. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांग. दुसरं म्हणजे, गुपित ठेवीन असं वचन कुणालाच देऊ नका. "तुझ्या जिवाचा प्रश्न असला तर मी सांगणार," हे आधीच बोलून टाकायचं. मला ते तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

तो चार महिने माझ्याशी बोलला नाही. आता मामांची द्राक्षबाग बघतो, हंगामात एक पेटी घेऊन घरी येतो. फोन केलास ते बरं केलंस, असं मात्र आजवर एकदाही म्हणालेला नाही.